सातव्या खांबाचा तोतया

मी काँक्रीटचा एक ठोकळा बोलतोय. लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून वीतभरापेक्षा थोडा कमी, वजन आठ किलोच्या आसपास. साइटवरची माणसं मला क्यूब म्हणतात. माझ्या दिसण्यावर जाऊ नका. ज्या इमारतीसाठी मी जन्मलो, तिच्यात माझ्याइतका दणकट दुसरा कुणी शोधूनही सापडला नसता. अडचण एवढीच होती की त्या इमारतीत मी कुठेच नव्हतो.

माझा जन्म कोरेगावचा. सुभेदार उदयसिंह फौजेतून निवृत्त होऊन गावी आले आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी त्यांनी अकादमी काढली. पहाटे पोरांना पळवायचं, दिवसा दोरावर चढवायचं. पण लांबून येणाऱ्या पोरांनी राहायचं कुठे? म्हणून सुभेदारांनी दुमजली वसतिगृह बांधायला घेतलं. नकाशा आणि खांब-तुळयांचं गणित सांगलीच्या वीरधवल साहेबांच्या फर्मनं केलं. गणित चोख होतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बांधायचं काम भाऊसो ठेकेदाराकडे होतं.

आता माझ्यासारख्याची गरज काय, ते सांगतो. खांब ओतला की तो पक्का झाला का कच्चा राहिला हे बघायला खांबच फोडून चालत नाही. म्हणून त्याच मालातला थोडा माल लोखंडी साच्यात भरतात, महिनाभर पाण्यात ठेवतात आणि मग मशीनखाली दाबून फोडतात. ठोकळ्यानं जेवढा दाब सोसला, तेवढी खांबाची ताकद धरतात. म्हणजे मी खांबाचा प्रतिनिधी. आणि प्रतिनिधी झाल्यावर जे होतं तेच माझं झालं. ज्यांच्या वतीनं उभं राहायचं, त्यांच्यापेक्षा माझं खाणंपिणं फार वेगळं निघालं.

त्या दिवशी सकाळपासून मिक्सर गरगरत होता. त्यात पाण्याचा पाइप सोडून दिला होता, कारण माल पातळ असला की ओतायला हलका जातो. खांबांच्या वाट्याला आला तो हा पातळ माल. माझ्यासाठी मात्र भाऊसोंनी बाजूला वेगळं घमेलं घेतलं. त्यात निवडक खडी, चाळलेली वाळू आणि सिमेंटच्या दोन थाप्या जास्त. पाणी तर त्यांनी असं बेतानं घातलं की एखादी सासू जावयाच्या ताटात तूप वाढताना काय लक्ष देईल. साच्याला तेल लावलं. मला थराथरानं भरलं, सळईनं ठासलं, वरून थापीनं गुळगुळीत केलं. आम्ही चार भावंडं जन्मलो, सगळी एकाच घमेल्यातली.

हे सगळं एक मुलगी बघत उभी होती. डोक्यावर नवंकोरं पांढरं हेल्मेट, पायात घरून आणलेले कॅनव्हासचे बूट. ती चंदना. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि वीरधवल साहेबांच्या फर्ममध्ये इंटर्नशिप करत होती. इंटर्नशिप म्हणजे काय, हे मला तिच्याकडे बघूनच कळलं. पुस्तकात जे शिकवलं ते साइटवर कुठे दिसत नाही, याचा प्रत्यक्ष अनुभव घ्यायचा आणि शेवटी त्याचं प्रमाणपत्र मिळवायचं. ते मिळालं नाही तर वर्ष वाया. चंदनाला तर ही जागासुद्धा ओळखीनं मिळाली होती. तिच्या वडिलांनी, रामगोंडांनी, साहेबांच्या घरी द्राक्षाच्या पेट्या नेऊन शब्द टाकला होता.

"भाऊसो, हा माल मिक्सरमधला नाही ना?" तिनं विचारलं.

भाऊसो मनापासून हसले. माणूस वाईट नव्हता, दुपारच्या डब्यातली भाकरी तिला आग्रहानं द्यायचा. "ताई, क्यूबचा माल येगळाच असतोय. पोरगी बघाय जाताना आपुन इस्त्रीची कापडं घालतोयच की. रोज कुठं घालतोय?"

"पण हा खांबाचा नमुना आहे."

"व्हय की. मंग नमुना चांगलाच दिसाय पायजे. घ्या खिळा, आन् लिवा त्याच्यावर. सी-सात."

सी-सात म्हणजे जिन्याजवळचा सातवा खांब. तिनं खिळा हातात घेतला. एकदा मिक्सरकडे बघितलं. मग माझ्या ओल्या अंगावर तारीख आणि सी-सात असं वळणदार अक्षरात कोरलं. त्या क्षणी मी सातवा खांब झालो. मला गुदगुल्या झाल्या आणि अभिमानही वाटला. दुसऱ्याच्या नावानं परीक्षेला बसणाऱ्या हुशार पोराला काय वाटत असेल, ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मला साच्यातून काढून हौदात सोडलं. खऱ्या सी-सातच्याही फळ्या त्याच दिवशी निघाल्या. हौद जवळच होता, त्यामुळे मला सगळं दिसलं. त्याच्या पायाशी खडी उघडी पडली होती आणि बोट आत जाईल एवढाली भोकं होती. चंदनानं खरंच बोट घालून बघितलं. मग फोन काढून साहेबांना फोटो पाठवले. साहेबांचा फोन आला. "भरून घे गं सिमेंटनं. एवढं तेवढं होतंच. क्यूब बघू काय म्हणतात."

भाऊसोंच्या माणसानं सिमेंटचं पाणी फासून खांब दुपारच्या आत गोरापान केला.

पुढचा महिना माझा फार सुखात गेला. मी चोवीस तास पाण्यात. खांबांवर गोणपाट गुंडाळलेलं होतं आणि वीज असेल तेव्हा, मोटर चालू झाली तर, आणि कुणाच्या लक्षात आलं तर, त्यावर पाणी मारलं जायचं. हौदात पडल्या पडल्या मला त्यांची कीव यायची. खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटायची.

महिना भरल्यावर आम्हा चौघांना ओल्या पोत्यात गुंडाळून जीपमधून सांगलीला नेलं. सातारा मागे पडला. इस्लामपूरजवळ उसाच्या ट्रॅक्टरांमागे जीप तासभर रखडली. चंदना मागच्या सीटवर आमच्याशेजारी बसून घरच्यांशी फोनवर बोलत होती. पलीकडून रामगोंडांचा आवाज मला ऐकू येत होता. "साहेबांचं मन मोडू नगंस बाळ. आता थोडंच दिवस ऱ्हायल्यात. कागूद हातात पडला की सुटलो."

लॅबमध्ये माझी तिन्ही भावंडं एकामागून एक मशीनखाली गेली. काय सांगू, काय लढली ती! मशीनवरचा माणूस काट्याकडे बघून म्हणाला, "कुणाचं काम हाय हे? बांधकाम हाय का धरण?" शेवटी मोठा आवाज करून ती फुटली. मला वाईट वाटलं, पण मान ताठ झाली. मी जादाचा होतो. एखादा वाटेत फुटला तर असू द्यावा म्हणून केलेला. माझी पाळीच आली नाही. मला फर्मच्या ऑफिसात नेऊन दाराला टेकण म्हणून ठेवलं. एवढी ताकद अंगात घेऊन मी वाऱ्यानं दार आपटू नये एवढंच काम करू लागलो. ऑफिसातल्या काही इंजिनिअरांकडे बघितल्यावर माझं दुःख हलकं झालं.

दारात बसलं की सगळं ऐकू येतं. चंदना समोरच्याच टेबलावर इंटर्नशिपचा अहवाल लिहीत होती. साहेबांनी तिला मागच्या वर्षीच्या मुलाचा अहवाल नमुन्यादाखल दिला होता. त्यात शेवटी होतं, या काळात मला प्रत्यक्ष कामाचा मोलाचा अनुभव मिळाला. ते वाक्य ती लिहायची, पुसायची, उठून पाणी प्यायची. एकदा ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि क्यूब वेगळ्या मालाचे होते असं स्पष्ट सांगून आली. साहेबांनी दार लावून घ्यायला सांगितलं. पण दाराला मी होतो, ते पुरतं लागलंच नाही.

"चंदना, मला काय हे माहीत नाही असं वाटतं तुला?" साहेब दमलेल्या आवाजात म्हणत होते. "सगळीकडे असंच चालतं. आपण गणितात थोडं जास्तीचं धरतोच. इमारत काही पडत नाही. तू अहवाल पूर्ण कर, मी सही करतो."

ती बाहेर आली आणि माझ्याकडे बघत बसली. माझ्या अंगावर तिचंच अक्षर होतं.

दोन दिवसांनी सुभेदार साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन हजर झाले. क्यूबचा रिपोर्ट त्यांना मिळाला होता. ताठ कणा, कडक शर्ट. येताना पाय मला अडखळला, तशी खाली वाकून त्यांनी मला उचललं. सत्तरीच्या माणसानं, एका हातानं!

"सी-सात," त्यांनी वाचलं. "आवं साहेब, ह्यो त्यातलाच एक व्हय? ह्यो मला द्या. दारातच ठेवणार हाय मी. पोरांचं आईबाप येत्यात, इचारत्यात, इमारत पक्की हाय का? मी म्हणंन, हात लावून बघा." मग ते चंदनाकडे वळले. "पोरी, तुझं अक्षार चांगलं हाय. ह्याच्यावर रंगानं अकादमीचं नाव टाक."

साहेब हसून म्हणाले, "न्या की, सुभेदारसाहेब."

चंदना उठून उभी राहिली. टेबलावर प्रमाणपत्राचा छापील कागद सहीची वाट बघत पडला होता आणि तिची नजर आधी तिकडेच गेली, हे मी पाहिलं.

"काका, त्याच्यावर नाव नका टाकू," ती म्हणाली. "तो तुमच्या खांबातला नाही."

"म्हंजी?"

"क्यूबचा माल वेगळा कालवला होता. खांबात तो नाही. सी-सातला खाली भोकं आहेत, वरून सिमेंट फासलंय. ते सी-सात माझ्याच हातानं लिहिलंय."

साहेब म्हणाले, "सुभेदारसाहेब, तिला अनुभव कमी आहे. हे सगळीकडे..." आणि वाक्य अर्ध्यावरच थांबलं. मला वाटतं, त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं असावं.

सुभेदार चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि खुर्चीवर बसले.

"आमच्या बराकीत मुआयन्याचा, म्हंजी तपासणीचा, बिस्तरा येगळा असायचा," ते म्हणाले. "चादरीला एक सुरकुती न्हाई, घोंगड्याची घडी अशी की बोट कापंल. जनरलसाब यायचं, बघायचं, शाब्बास म्हणायचं. त्याच्यावर आमी कवाच झोपलो न्हाई. घडी मोडंल म्हणून खाली फरशीवर झोपायचो." त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. "मला वाटलं हुतं, ते फकस्त फौजेतच असतंय."

मग साहेबांकडे बघून एवढंच म्हणाले, "चाळीस पोरं झोपणार हाईत तितं. त्यांनी कशावर झोपायचं, ते मला आता नीट तपासून सांगा." पेढ्यांचा पुडा उघडून त्यांनी पहिला पेढा चंदनाला दिला. ती खाताना रडत होती. मलाही भरून आलं, पण मी काँक्रीट पडलो.

पुढे मोठी धावपळ झाली. खांबांच्या पोटात मशीन घालून नमुने काढले. बरेच खांब कच्चे निघाले, सी-सात सगळ्यांत जास्त. वरचा मजला थांबला. खांबांभोवती नव्या सळया बांधून, नवं काँक्रीट ओतून त्यांना जाड केलं. भाऊसो पदरमोड करताना कुरकुरले, चंदनाशी महिनाभर बोलले नाहीत. पण या वेळी ठोकळ्यांचा माल मिक्सरमधूनच घेतला. सुभेदार काठी घेऊन शेजारी उभे होते, त्याचा त्यात वाटा असेल.

चंदनाचं प्रमाणपत्र साहेबांच्या टेबलावर बरेच दिवस सहीवाचून पडून राहिलं. अहवाल द्यायची तारीख अगदी तोंडावर आली तेव्हा कुठे सही झाली. त्यात लिहिलं होतं, कामगिरी समाधानकारक, सहकाऱ्यांशी जुळवून घेण्यात सुधारणेस वाव. वर्ष वाचलं, पण त्या एका ओळीमुळे पहिल्या नोकरीला तिला बरंच थांबावं लागलं. हल्ली साहेब नव्या इंटर्न मुलांना म्हणे बजावून सांगतात, क्यूबचा माल कायम मिक्सरमधूनच घ्यायचा, हा आमच्या फर्मचा पहिल्यापासूनचा नियम आहे.

वसतिगृहाच्या उद्घाटनाला चंदना आली होती. त्याआधीच सुभेदारांनी मला फर्ममधून मागून आणून तिथल्या दाराशी ठेवलं होतं. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि पिशवीतून खिळा काढून सी-सात खरवडायला लागली. खूप खरवडलं. थोडी भुकटी पडली, अक्षर काही गेलं नाही. खिळाच वाकला. "लय पक्का आहेस रे," ती म्हणाली आणि हसली. माझी ताकद कुणी अशी पहिल्यांदाच आजमावली होती. ते खोटं नाव तेवढं पुसता आलं असतं तर बरं झालं असतं, पण माझ्याच चांगल्या सिमेंटनं ते घट्ट धरून ठेवलंय.

आता मी वसतिगृहाच्या दाराशी असतो. पोरं सकाळी मला उचलून दंड कमावतात आणि मग दाराला परत टेकवतात. वाचकहो, तुम्ही कुठे घर बांधत असाल तर माझा एखादा भाऊबंद तिथल्या हौदात आरामात डुंबत असेल. त्याचा रुबाब बघून हुरळून जाऊ नका. तो कुठल्या घमेल्यातून आला, एवढं एकदा विचारा. त्याला राग येणार नाही. मला तर कुणीतरी आधीच विचारायला हवं होतं.

बरं, निरोप घेतो. फाटकातून कुणाचे तरी आईबाप येतायत, पोरगं ट्रंक घेऊन मागे आहे. सुभेदार त्यांना घेऊन माझ्यापाशी थांबतील, नेहमी थांबतात. काठीनं मला टोचून म्हणतील, "ह्यो दगूड बघितला? लय ताकदीचा हाय. पर ह्यो तुमच्या पोराच्या डोक्यावर न्हाई. चला आत, डोक्यावर काय हाय ते दावतो." मग सगळे आत जातात, आणि ते परत येईपर्यंत दार उघडं धरून मी इथेच बसून असतो.