उदयनगरचा कोळी

मानाजींना स्वतःच्याच घरात पंखा लावायची चोरी झाली होती. टेबलावरच्या डब्यात उदयनगरच्या जंगलातून आणलेला केसाळ कोळी होता, आणि वारा त्याला सोसत नाही, हे मानाजींनी आपल्या मनानेच ठरवून टाकलं होतं. देवासच्या उन्हाळ्यात माणूस घामाघूम, कोळ्याचा थाट मात्र जावयाचा. दर दहा मिनिटांनी उठून ते डब्यात डोकावत.

कोळी लेकीचा. देवश्री धारच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, शनिवारी घरी यायची. कोळ्याच्या पायांवरचे पिवळे पट्टे बघून तिला वाटत होतं, ही जात आजवर कुणी नोंदवलेलीच नाही. पण नुसत्या रंगावर कुणी विश्वास ठेवत नाही. नराच्या तोंडाजवळच्या दोन आखूड पायांची टोकं बघून जात ठरते, आणि ती टोकं शेवटची कात टाकल्यावरच पूर्ण तयार होतात. तिला नर मिळाला एकच, तोही अजून वयात न आलेला. "नवा निघाला तर आईचं नाव देईन," एवढं ती बोलून गेली आणि मानाजींची झोप उडाली. त्यांच्या बायकोला, सुमंगलाला, जाऊन दोन वर्षं झाली होती. आता जगभरच्या पुस्तकांत तिचं नाव राहणार, हे त्यांनी भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं.

लेकीची ताकीद एकच होती. मेला तर लगेच स्पिरिटच्या बाटलीत टाका, सडला की संपलं.

गुरुवारी दुपारी कोळी उताणा पडलेला दिसला. मानाजींनी तीनदा फोन लावला, पण देवश्री परीक्षेच्या ड्यूटीवर होती, फोन बंद. शेवटी शेजारच्या भूपेंद्रला हाक मारली.

"काका, ये तो निपट गया," त्याने डब्यात बघून निकाल दिला. "गर्मी देखी है? घंटेभर में बास मारेगा."

मानाजी खोलीभर येरझारा घालू लागले. बसवेना, थांबवेना. पाच मिनिटांनी त्यांनी चिमट्याने कोळी उचलला आणि बाटलीत सोडला. आत एक पाय हलला. स्पिरिटमुळे हलला असेल, असं भूपेंद्र म्हणाला.

साडेचारला फोन आला. "बाबा, इतके कॉल?"

"तो कोळी उताणा पडला होता."

"उताणा?" ती ओरडलीच. "अहो, कात टाकतोय तो! असेच पडतात ते. बिलकुल हात लावू नका. मी उद्याच सुट्टी टाकून येते. आईच्या नावाचं काम झालं समजा!"

मानाजींनी बाटली उजेडात धरली. कोळ्याची पाठ कडेने उलली होती आणि आत कोवळं, पांढरं काहीतरी दिसत होतं. ते आता कधीच पुरं होणार नव्हतं. सुमंगला गेली तेव्हाही त्यांना इतकं अपराधी वाटलं नव्हतं.

"मी मारून टाकला त्याला, बेटा," ते म्हणाले. "जिवंत होता, आणि मी बुडवला."

त्यांनी बाटली रिकाम्या डब्याशेजारी टेबलावर ठेवली.

"दुसरा मिळेल ना गं?"

"तीन पावसाळे शोधल्यावर हा मिळाला होता, बाबा," ती म्हणाली. फोन कानाला तसाच धरून मानाजींनी उठून पंखा लावला.