तळहाताचा मार

मी एक जुनी फरी आहे. मित्रांनो, फरी म्हणजे लहान गोल ढाल. गदका नावाच्या, कातडे चढवलेल्या काठीचा मार झेलणे हेच माझे काम. कंधारच्या चंद्रप्पाने म्हशीचे कातडे भिजवून, वेताच्या सांगाड्यावर ताणून मला शिवले. तेव्हा कसे वाटले, असे विचारू नका. मार खायलाच जन्मलेल्याला काही वाटून भागत नाही.

निजामाच्या राज्याची ती अखेरची वर्षे. तालमीलाही सरकारी इजाजत लागे, आणि रेवणप्पा वस्तादांचा अर्ज कचेरीत धूळ खात पडला होता. तरी ते पोरांना शिकवत. नव्या पोराला ते गदका देत नसत. आधी नुसत्या फरीवर मार झेलायचा, डोळे मिटायचे थांबले की मगच गदका हातात. त्यामुळे घामेजलेल्या कितीतरी मुठी माझ्यावाटे पुढे गेल्या. कौतुक झाले ते मात्र गदक्यांचे.

एके दिवशी सिंधू आपल्या धाकट्या भावाला, श्रीमंतला, घेऊन आली. त्याला गदक्याची भारी हौस. पण वस्तादांनी हात उगारला की हा डोळे गच्च मिटे. पोरे फिदीफिदी हसली.

"आक्का, मला न्हाई जमत. घरी चल," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

वस्ताद हसले नाहीत. "ही फरी घरी ने. आक्काला म्हणावं, हान. डोळे उघडे ऱ्हायले की ये. गदका तुझा."

सिंधूने संध्याकाळभर मला धोपाटण्याने बडवले. मी तशीच बधिर. श्रीमंतचे डोळे मात्र दिवेलागण होता होता उघडे राहू लागले. त्या रात्री तो मला उशाशी घेऊन झोपला.

सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा तालमीला कुलूप होते. इजाजत नसताना तालीम चालवली म्हणून पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांचे शिपाई आले होते. गदक्यांची मोळी एकाच्या खांद्यावर होती आणि वस्ताद त्यांच्यामध्ये उभे होते. सिंधूने भावाची बाही ओढली. तो थांबला नाही. पुढे जाऊन त्याने मला उचलून धरले.

"वस्ताद, हाना. आता मिटत न्हाईत."

वस्तादांनी मोळीकडे पाहिले. मग उघड्या तळहाताने माझ्यावर सणसणीत तडाखा दिला. श्रीमंतची पापणीही हलली नाही.

"हाव, जमलं. गदका तुझा," वस्ताद म्हणाले, आणि शिपायांबरोबर चालू लागले.

ते परत आले नाहीत. तालीम उघडली नाही. श्रीमंतच्या हाती गदका कधीच आला नाही. मी गोठ्यात सरकीच्या मडक्यावरचे झाकण झाले. तेल न मिळाल्याने माझे कातडे वाळून लाकडासारखे झाले आहे. मला त्याचे दुःख नाही. गदक्यांचे मार मी केव्हाच विसरले. तो तळहात तेवढा अजून जाणवतो.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी फरी निघाली तर खुशाल झाकण करा. पण आधी तिला थोडे तेल लावा, आणि एखाद्या भित्र्या पोराच्या हातात एक दिवस द्या.