अंथरूण धरलंय

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे. अविनाश, माझा नवरा, तर लोकांना आधीच सांगून ठेवतो की संपदा बोलली तर मनावर घेऊ नका, चहा होईपर्यंत विसरलेली असते. मलाही या गोष्टीचं थोडं कौतुकच होतं. राग मनात ठेवणाऱ्यांपेक्षा बोलून मोकळं होणारी माणसं बरी, असं मी मुलीलाही सांगत आले.

आमची मंडळी म्हणजे दिल्लीच्या द्वारकेतली नऊ मराठी ख्रिस्ती घरं. कोणी नगरकडचे, कोणी सोलापूरचे, कोणी पुण्याहून गुडगावच्या नोकरीसाठी आलेले. रविवारी ज्याचं त्याचं हिंदी नाहीतर इंग्रजी चर्च असतं, पण दर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी आम्ही कोणा एकाच्या घरी जमतो, मराठीत गातो, मराठीत प्रार्थना करतो. याला आम्ही घरसभा म्हणतो. अविनाश सभा चालवतो आणि याद्या माझ्याकडे असतात. कोणाकडे कधी जमायचं, कोणासाठी प्रार्थना करायची, कोणी काय आणायचं, सगळं माझ्या वहीत आणि तिथून माझी मुलगी नीरजा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते.

लतिकाताई पाटोळे या मंडळीत आमच्याही आधीपासूनच्या. सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या, लग्न केलं नाही, रिटायर झाल्यावरही दिल्लीतच राहिल्या. सेक्टर सहामध्ये डीडीएच्या जुन्या सरकारी बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट नाही. त्यांना यादी कधी लागली नाही. अविनाशला डेंग्यू झाला तेव्हा मी फोन करायच्या आधीच त्या पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या, आणि सहा रात्री दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून काढल्या. नीरजाच्या जन्माच्या वेळी माझी आई येऊ शकली नाही, तर सव्वा महिना माझं न्हाणंधुणं त्यांनी केलं. मी आभार मानायला गेले की म्हणायच्या, आभार चर्चमध्ये मान, इथं भाकरी वाढ.

भांडण डिसेंबरात झालं. त्याला भांडण म्हणायचीही लाज वाटते. नाताळाआधी आमची मंडळी घरोघर जाऊन गाणी म्हणते. या खेपेला निम्म्या लोकांचे गुडघे गेलेले, आणि मला वाटलं, एका संध्याकाळी सगळं उरकायचं तर ज्या बिल्डिंगींना लिफ्ट आहे तेवढीच घरं घ्यावीत. तशी यादी केली. बिनलिफ्टचं घर एकच होतं. सभेत मी यादी वाचून दाखवली तेव्हा लतिकाताई हसत म्हणाल्या, "यंदा बाळ येशू लिफ्टनंच येणार वाटतं."

सगळे हसले. अविनाशसुद्धा हसला. मी म्हणाले, "तुम्हालाच खाली यायला काय होतंय? आम्ही काय बारा माणसं तुमच्यासाठी गुडघे फोडून घ्यायचे?"

हसणं थांबलं. लतिकाताई म्हणाल्या, बरं बाई, येईन खाली. पण त्या आल्या नाहीत आणि मीही बोलावलं नाही. मला त्यांच्या बोलण्याचा राग नव्हताच, लोक हसले त्याचा होता. नाताळच्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे करंज्यांचा डबा पाठवला. मी तो रिकामा परत केला. आपल्यात रिकामा डबा परत करत नाहीत, हे काय मला कोणी शिकवायला हवं होतं?

जानेवारीत दिल्लीची थंडी हाडात शिरते. दरवर्षी आमची मंडळी जुनी अंथरुणं-पांघरुणं गोळा करून रस्त्यावर झोपणाऱ्यांना वाटते. त्या आठवड्यात माझ्या हॉलमध्ये गाद्या आणि रजयांचे ढीग लागले होते, आणि दिवसभर फोन यायचे की आमच्याकडे दोन गाद्या आहेत, आमच्याकडे एक रजई धरून ठेवली आहे, कधी नेताय. नीरजा घरून काम करत होती आणि मध्ये मध्ये माझी यादी लिहीत होती. नीरजा चोवीस वर्षांची. जन्म दिल्लीचा, शाळा दिल्लीची, मराठी घरापुरतं. बोलते चांगलं, पण आजीच्या तोंडचा एखादा शब्द आला की अडते.

बुधवारी दुपारी माझा फोन वाजला. स्क्रीनवर लतिकाताईंचं नाव. मी सतरंजीची घडी घालत होते. फोन माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

"तूच घे," मी नीरजाला म्हटलं. "सांग, आई बाहेर गेलीये."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फोन उचलला, तरी मी मागून पुन्हा म्हटलं, बाहेर गेलीये म्हण. हो आंटी, अच्छा आंटी, बिल्कुल सांगते, असं दोन मिनिटं चाललं. फोन ठेवून ती म्हणाली की लतिका आंटींनी बिस्तर रेडी ठेवलंय, जमेल तसं येऊन जा म्हणतायत. आवाज बसला होता, सर्दी झाली असेल.

मला मनातून बरं वाटलं, हे मी आता कबूल करते. म्हटलं, नमतं घेतलं. पहिला फोन त्यांनी केला. पण एका रजईसाठी मी आज तीन जिने चढणार नव्हते. नीरजाला म्हटलं, यादीत टाक, मंडळीतला हरीश गाडी घेऊन फिरेल तेव्हा उचलेल. तिने लिहिलं: लतिका आंटी, सेक्टर ६, एक बिस्तर.

चार दिवसांनी, रविवारी चर्चहून ऑटोने येताना आम्ही त्यांच्या बिल्डिंगीवरून गेलो. धुकं इतकं होतं की वरचे मजले दिसत नव्हते. अविनाश म्हणाला, उतरूया का पाच मिनिटं? तोवर माझा राग गेलेला होता. खरंच गेला होता. पण रिकामा डबा आठवला आणि वाटलं, आत्ता गेले तर आधी त्याचं बोलावं लागेल. मी म्हणाले, गुडघा दुखतोय. ऑटो पुढे गेला.

हरीश भालेराव त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी, म्हणजे फोन आल्यापासून सतराव्या दिवशी, गाडी घेऊन सगळ्यांकडे गेला. सेक्टर सहामधून त्याने मला फोन केला. लतिकाताईंच्या दाराला कुलूप होतं. समोरच्या सचदेवाबाईंनी त्याला सांगितलं, लतिका जी तो गुज़र गईं. छातीत कफ झाला होता, दहा-बारा दिवस बेडवरून उठल्या नव्हत्या. सचदेवा नवरा-बायको खिचडी नेऊन द्यायचे, दवाखान्यात चला म्हणायचे. त्या म्हणायच्या, माझी माणसं येतील, त्यांच्याबरोबर जाईन. शेवटी श्वास लागला तेव्हा त्या दोघांनीच उचलून जिन्याने खाली आणलं. दोन दिवसांनी दवाखान्यातच वारल्या. मिरजेहून भाचा आला आणि त्यांना गावी घेऊन गेला. त्याने विचारलं होतं, चर्चची माणसं होती ना आत्याची? सचदेवाबाई म्हणाल्या, आलं तर कोणी नाही.

हरीशने मला हे सगळं सांगितलं आणि मग विचारलं की बाकीच्या गाद्या आज उचलू का.

मी नीरजाच्या खोलीत गेले. विचारलं, त्या दिवशी लतिकाताई नक्की काय म्हणाल्या होत्या, शब्द सांग. तिला आठवत होतं. पोरीची स्मरणशक्ती चांगली आहे. ती म्हणाली, "आईला सांग, मी अंथरूण धरलंय. जमेल तसं येऊन जा म्हणावं."

मी पलंगावर बसले. ती विचारायला लागली, काय झालं, काय झालं. मी तिला सांगितलं की अंथरूण धरलं म्हणजे माणूस आजारी पडला, उठता येत नाही इतका. 

"पण सगळे तर अंथरूण धरून ठेवलंय म्हणत होते ना, आई," ती म्हणाली. "मला वाटलं, रिझर्व्ह करून ठेवलंय."

मग ती रडायला लागली. मीच मारलं त्यांना, म्हणत राहिली. मी तिला जवळ घेतलं, तुझा काय दोष, असं दहा वेळा म्हटलं. दोष माझा, हे त्यापुढचं वाक्य मात्र माझ्या तोंडून निघालं नाही, आणि तिनेही ते काढलं नाही.

सांत्वनसभा पुढच्या शनिवारी आमच्याच घरी ठेवली. नऊच्या नऊ घरं आली. दिल्लीच्या दुसऱ्या टोकाहून पाळकसाहेब आले, हरीशची बायको रेवती सचदेवाबाईंना घेऊन आली. मराठी कळत नसूनही त्या डोक्यावर ओढणी घेऊन पुढच्याच रांगेत बसल्या. लतिकाताईंच्या आवडीचं गीत म्हटलं. मग एकेकाने आठवण सांगितली. एकाच्या वडिलांना त्यांनी भरवलं होतं, एकाच्या सुनेचं बाळंतपण केलं होतं. जो उठला त्याच्याकडे त्यांचं काही ना काही निघालं. त्यांच्याकडे आमच्यापैकी कोण कधी गेलं होतं, हे कोणीच सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच.

मग नीरजा उभी राहिली. मला कल्पना नव्हती. ती म्हणाली की आंटींचा फोन आला होता, तो मी घेतला, मला शब्द कळला नाही, माझ्यामुळे कोणी गेलं नाही, मला माफ करा. एवढंच. माझं नाव तिने घेतलं नाही. फोन कोणाचा होता, तेही नाही.

बायका डोळे पुसायला लागल्या. कोणी म्हणालं, अगं बाळा, तू तरी काय करणार. कोणी म्हणालं, आपणच मुलांना मराठी शिकवलं नाही. पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मायबोली तुटली की माणसं कशी तुटतात यावर चार शब्द बोलले. चांगलं बोलले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर थोडा आराम दिसायला लागला. एका शब्दाने घात केला, असं ठरत आलं होतं. मी गप्प बसले असते तर चहा झाला असता आणि माणसं घरी गेली असती, आणि माझ्या पोरीने जन्मभर ते ओझं वाहिलं असतं.

मी उठले. 

"फोन माझा होता," मी म्हणाले. "मी तिथंच बसले होते. मीच तिला सांगायला लावलं, आई बाहेर गेलीये. तिला शब्द कळला नाही, पण मला कळला असता. मी फोन घेतला असता तर त्या जिवंत असत्या."

 अविनाशने मान खाली घातली. नीरजाने माझा हात धरला, मी तो सोडवून घेतला. सचदेवाबाईंनी रेवतीला हळूच विचारलं, क्या कह रही हैं? रेवतीने हिंदीत सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे वळून बघितलं. त्यांच्या बघण्यात राग नव्हता, तो असता तर सोपं गेलं असतं.

"अच्छा, संपदा आप हैं," त्या म्हणाल्या. "ये तो लतिका जी को पता था. फ़ोन पे पीछे से आपकी आवाज़ सुन ली थी उन्होंने. हँस रही थीं उस दिन. बोलीं, अभी गुस्से में है, उतरेगा तो सबसे पहले वही आएगी. मैं रोज़ कहती थी, किसी और को बुला लो. कहती थीं, नहीं, संपदा को बुरा लगेगा कि उसे छोड़के दूसरों को बुलाया."

 मी त्यांना कशीबशी हिंदीत म्हणाले की राग तर माझा चार दिवसांतच उतरला होता.

"फिर?" सचदेवाबाईंनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि नऊ घरांची माणसं माझ्या उत्तराची वाट बघत बसून राहिली.