तिसऱ्या गाण्यानंतर

"तिसरं गाणं पुन्हा एकदा लावता का?" पंपवाल्याने विचारलं, तेव्हा वाचनालयाच्या वरच्या खोलीतली सगळी मंडळी मान वळवून त्याच्याकडे बघायला लागली. पाण्याचे पंप दुरुस्त करणारा हा माणूस दाराशेजारच्या खुर्चीत इस्त्रीचा शर्ट घालून, मुलगी बघायला आल्यासारखा अवघडून बसला होता. या बैठकीला तो पहिल्यांदाच आला होता, आणि तिसरं गाणं तर आत्ताच संपलं होतं.

गाणं शिकवणाऱ्या बाईंना मात्र बरं वाटलं. दादांच्या चाहत्यांचा हा गोतावळा त्यांनीच जमवलेला. दादा म्हणजे गिटार घेऊन स्वतः रचलेली शेतांची, रस्त्यांची, घर सोडून गेलेल्या माणसांची गाणी म्हणणारे गायक. पुढे ते फार मोठे झाले, पण 'कुंपणापलीकडे' हा त्यांचा पहिला अल्बम निघाला तेव्हा त्यांना काळं कुत्रंही विचारत नव्हतं. त्याच अल्बमची साफसूफ केलेली नवी आवृत्ती आज दुपारी ऐकायची होती आणि ऐकता ऐकता नेहमीप्रमाणे भांडायचं होतं. बाईंच्या मते दादांचा जीव होता तो त्या पहिल्याच अल्बममध्ये, नंतरचं सगळं नुसतं कसब. औषधाच्या दुकानदाराच्या मते पहिला अल्बम म्हणजे सर्दी झालेल्या माणसाचं रडगाणं, दादा माणसात आले ते दुसऱ्यापासून. बाकीचे जो जोरात बोलेल त्याच्या बाजूने मान डोलवत. इतकी वर्षं हा वाद चालला होता आणि तो मिटला असता तर दोघांनाही करमलं नसतं.

बाईंनी गाणं पुन्हा लावलं. पंपवाला पुढे वाकून बसला. गाणं संपलं, क्षणभर शांतता झाली आणि चौथं सुरू झालं.

"इथे एक बाई बोलते," तो म्हणाला. "ती कुठे गेली?"

बाईंनी हौसेने समजावून सांगितलं की कंपनीने जुन्या आवृत्तीतले सगळे उपरे आवाज काढून टाकलेत. खुर्चीची करकर गेली, दाराची कुरकुर गेली, आणि मध्येच ओरडणारी ती बाईही गेली. आता कसं स्वच्छ झालंय, असं त्या म्हणाल्या आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

हा अल्बम केला तेव्हा दादा पंपवाल्याच्याच गल्लीत भाड्याने राहत. गाणी भरून घ्यायला त्यांच्याकडे जागा नव्हती. त्याच्या वर्कशॉपमागे पंपाची खोली होती, जाड भिंतींची. मोटर बंद असली की आत चिटपाखराचा आवाज यायचा नाही. मग असं ठरलं की गाणं चालू असेपर्यंत मोटर बंद ठेवायची आणि दोन गाण्यांच्या मध्ये चालवून गल्लीची टाकी भरायची. मोटरचं बटण बाहेरच्या भिंतीवर होतं आणि ते सांभाळायला त्याची बायको उभी असायची. तो स्वतः दार किलकिलं करून उंबऱ्यावर बसायचा. तिसरं गाणं लांबत गेलं. पाण्यासाठी खोळंबलेल्या बायकांनी तिला भंडावून सोडलं, आणि गिटारच्या तारा अजून वाजत असतानाच ती बाहेरून ओरडली. त्याने फटीतून तिला पंजा दाखवला, थांब म्हणून. पण जे भरलं जायचं ते भरलं गेलं होतं. दादा म्हणाले, असू दे, हे गाणं असं पुन्हा जमायचं नाही.

त्याच वर्षी ती तापाने गेली. फोटो राहिले, साड्या राहिल्या, आवाज तेवढाच राहिला.

संध्याकाळी वर्कशॉप बंद करण्याआधी तो कॅसेट लावायचा. गाणी ऐकायला नव्हे, गाणी तो पुढे पळवायचा. तेवढं एक वाक्य ऐकायचं आणि कुलूप लावायचं, असं त्याचं आयुष्य चाललं होतं. आणि गेल्या आठवड्यात टेपने फीत खाल्ली, तीही नेमकी त्याच जागी. उभा जन्म लोकांची बंद पडलेली यंत्रं चालू करण्यात गेलेला माणूस तो, त्याने फीत सोडवली, जोडली, लावली. चुरगळलेल्या तुकड्यातून नुसती खरखर आली.

मग जे त्याच्या लक्षात आलं त्याने तो पुरता हादरला. बायकोचे शब्द आठवत होते, पण आवाज आठवत नव्हता. डोळे मिटून तो ते वाक्य मनात म्हणायचा आणि ते त्याच्या स्वतःच्याच आवाजात ऐकू यायचं. मोठ्या बहिणीला जाऊन विचारलं तर ती म्हणाली, छान होता की रे आवाज. कसा छान, हे मात्र तिलाही सांगता येईना. तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

आता त्याने खोलीतल्या एकेकाकडे बघत जुनी कॅसेट कुणाकडे आहे का, असं विचारलं. होती तर सगळ्यांकडे. पण त्या सगळ्या बाईंच्या कॅसेटवरून करून घेतलेल्या. आणि प्रत करताना बाई तिसरं गाणं संपलं की टेप थांबवायचं बटण दाबून धरायच्या, ती बाई बोलून गेली की सोडायच्या. ऐकणाऱ्याची तंद्री मोडू नये म्हणून. मूळ कॅसेट झिजल्यावर त्यांनी स्वतःसाठीही तशीच प्रत करून घेतली आणि मूळ टाकून दिली. ज्यांनी ज्यांनी या अल्बमवर जीव टाकला, त्यांच्यापैकी कुणाकडेही ते वाक्य उरलं नव्हतं.

"ती मध्येच आली की सगळं उतरून जायचं हो," बाई म्हणाल्या. "कोण होती ती?"

"बायको माझी."

बाईंनी तोंडावर पदर धरला. पंपवाला उठला, चुकीच्या घरी आलेल्या माणसासारखा सगळ्यांना नमस्कार करून दाराकडे वळला. आता कुठे जायचं, हे त्याला खरोखरच सुचत नव्हतं.

"थांबा," औषधवाला म्हणाला. "माझ्याकडे रेकॉर्ड आहे. एकदाच लावलीय. पुन्हा लावावी असं कधी वाटलं नाही."

औषधवाला दुकानाच्या वरच राहायचा. वाटेत पहिल्या अल्बमबद्दल तुमचं काय मत, असं त्याने सवयीने विचारलं, तेव्हा गाणी मी कधी कान देऊन ऐकलीच नाहीत, असं पंपवाल्याने सांगून टाकलं. औषधवाल्याने कपाटातून रेकॉर्ड काढली. ती नव्यासारखी काळीभोर होती. त्याने ती मऊ फडक्याने पुसली आणि सुई तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला टेकवली. नेमक्या जागी टेकवायला गेलो आणि तिथेच ओरखडा गेला तर काय करायचं, असं तो म्हणाला. "गाणं सोसावं लागेल. पण एक सांगतो, अख्ख्या अल्बममध्ये मला पटलं ते एवढं एकच वाक्य."

पंपवाल्याने त्या गाण्याचे शब्द पहिल्यांदाच नीट ऐकले. त्यात कुणीतरी घर सोडून चाललं होतं आणि कुणीतरी फाटकाशी उभं होतं. चांगलं होतं का वाईट, त्याला कळलं नाही. शेवटच्या तारा विरत आल्या.

"अहो, झालं का? लावू का मोटर?"

आवाज कोवळा होता. थोडा वैतागलेला, थोडा हसरा, आणि अगदीच पोरीचा. त्याच्या डोक्यातली बायको त्याच्याबरोबर म्हातारी होत आली होती. ही मात्र तिथेच राहिली होती, आणि तो आता तिच्या बापाच्या वयाचा होता.

औषधवाल्याने सुई उचलली नाही. चौथं गाणं सुरू झालं. तो न आवडणारं ते गाणं ऐकत खिडकीबाहेर बघत राहिला. पंपवाल्याचा हात वर गेला होता आणि तसाच राहिला होता, पंजा दाराकडे करून, थांब म्हणून.