निघालो गं, भात टाक

गेम खेळायची मशीनं दुरुस्त करणं हा माझा धंदा आणि गिऱ्हाइकांवर डाफरणं हा माझा स्वभाव. खारघरला माझं छोटं दुकान आहे. लोक येतात, मशीन काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, आम्ही काही केलं नाही हो, आपोआप बंद पडलं. उघडावं तर आत झुरळांचं अख्खं बिऱ्हाड निघतं. मी तोंड सोडतो आणि ते निमूट ऐकून घेतात, कारण इतकी जुनी मशीनं उघडणारा जवळपास दुसरा कोणी उरलेला नाही.

गेल्या मंगळवारी सुमित्राकाकू आल्या तेव्हा मात्र माझी बोलती बंद झाली. त्यांनी छातीशी धरून आणलेलं मशीन मी लांबूनच ओळखलं. पहिल्या बनावटीचं, जाडजूड काळं प्लेस्टेशन थ्री. माझ्या मित्राचं, अभयचं. अभयला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि तेवढीच वर्षं मी त्याच्या आईचं, म्हणजे या काकूंचं, घर टाळत आलो होतो.

"आशू, ह्यो बोलायचा थांबलाय रं," त्या म्हणाल्या. "परवापासनं नुसता घरघरतोय आन् बंद पडतोय."

"कोण बोलायचा थांबलाय, काकू?"

"आभय."

मी त्यांना स्टूल दिलं. पाणी द्यायचंही सुचलं नाही.

अभय आणि मी कॉलेजपासूनचे दोस्त, आणि आमचं भांडणही तेव्हापासूनचं. त्याच्याकडे प्लेस्टेशन, माझ्याकडे एक्सबॉक्स ३६०. दोन्हींच्या प्रोसेसरचा वेग कागदावर सारखाच, पण आतली रचना वेगळी. अभय म्हणायचा, तुझ्यात तीन आचारी आहेत, तिघं सारखेच, म्हणून एकमेकांच्या पायात येतात. माझ्यात एक आचारी आणि हाताखाली सहा झपाट्याचे वाढपी. मी म्हणायचो, त्या सहा जणांना काम वाटून देण्यातच तुझ्या आचाऱ्याचा जन्म जायचा, आणि तुझी मेमरीसुद्धा दोन वाट्यांत विभागलेली. यावर तो हसायचा आणि हुकमाचा पत्ता टाकायचा: माझ्यावर लिनक्स चालतं, तुझ्यावर चालतं का?

चालत नव्हतं. त्याच्या मशीनवर लिनक्ससारखी दुसरी सिस्टिम टाकून त्याचा साधा कॉम्प्युटर करायची सोय कंपनीनेच दिली होती. माझ्यावर बाहेरचं काही टाकायचं तर कुलपं फोडावी लागायची, आणि माझी कुलपं नव्या अपडेटने पक्की झाली होती. पुढे २०१० मध्ये एका अपडेटने प्लेस्टेशनचीही ती सोय काढून टाकली. अभयने ते अपडेट घेतलंच नाही. इतरांबरोबर ऑनलाइन खेळणं बंद झालं तरी चालेल, पण लिनक्स सोडणार नाही म्हणाला. असा हट्टी.

त्या लिनक्सवर त्याने आईसाठी एक प्रोग्राम लिहिला होता, एवढं मला माहीत होतं. काकूंना स्वयंपाकघरात फोन ऐकू यायचा नाही. अभय बेलापूरच्या ऑफिसातून साडेसहाच्या ठोक्याला निघायचा. म्हणून त्याने स्वतःचा आवाज भरून ठेवला होता. साडेसहाला स्पीकरमधून तो बोलायचा, "आई, निघालो गं. भात टाक." काकू कुकर लावायच्या आणि सात-सव्वासातला अभय खांदेश्वरच्या घरी हजर.

"ते अजून चालू होतं?" मी विचारलं.

"सांजच्याला दिवा लावते आन् त्याचं बटन दाबते. तो बोलला की भात टाकते. त्याचा वाटा सकाळी कावळ्याला घालते." त्यांनी मशीनवरून पदर फिरवला. "रोज म्हनतोय निघालो. चौदा वर्सं निघतोयच बघ. पोचंना झालाय."

दुरुस्त करतो म्हणालो आणि त्यांना रिक्षात बसवून दिलं.

आता लपवण्यात अर्थ नाही, म्हणून सांगतो. तो फेब्रुवारीतला गुरुवार होता. सहा वाजता मी अभयला मेसेज पाठवला: माझ्या एक्सबॉक्सवर लिनक्स चाललं, येऊन बघ, तू हरलास. धादांत खोटं होतं. तो आला की खिजवू, एवढाच विचार. तो साडेसहाला निघाला, सरळ घरी जाण्याऐवजी बाइक खारघरकडे वळवायला गेला आणि मागून ट्रक आला. लोकांनी त्याच्या फोनवरचा शेवटचा नंबर लावला, तो माझा होता. मी पोचलो तेव्हा त्याला ॲम्ब्युलन्समध्ये चढवत होते. कुणीतरी त्याचा फोन माझ्या हातात दिला. त्यात माझा मेसेज होता. मी फोन बंद करून खिशात घातला.

काकू पुढे कितीतरी दिवस त्या फोनची चौकशी करत होत्या. त्यात त्याचे फोटो होते. गर्दीत कोणीतरी लांबवला असेल, असं मीच त्यांना सांगितलं. त्या दिवशी त्याचं मशीन घरी ठरल्याप्रमाणे बोललं होतं आणि काकूंनी दोघांचा भात टाकला होता. हे त्यांनी तेराव्याला सांगितलं. त्यानंतर मी त्या घरची पायरी चढलो नाही.

मशीन उघडलं. प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती, पंख्यात लोकरीसारखी धूळ. सगळं साफ केलं, नवी पेस्ट लावली, घड्याळाचा सेल बदलून वेळ लावली. चालू केलं तर छान चाललं. मग नेहमीच्या सवयीने मी नव्या अपडेटचा पेनड्राइव्ह लावला. माझ्या दुकानाची ही पद्धतच आहे: दुरुस्ती झाली की नवं अपडेट टाकून मशीन परत द्यायचं. पडद्यावर प्रश्न आला, पुढे जायचं का? माझा अंगठा बटणावर होता.

तेव्हा भानावर आलो. हे बटण दाबलं की लिनक्स कायमचं बंद. डिस्क काढून दुसरीकडे वाचता येणार नाही, ती याच मशीनच्या किल्लीने बांधलेली आहे. अभयचा आवाज संपला असता. आणि खरं सांगायचं तर अंगठा लगेच उचलला गेला नाही. काकूंना म्हणता आलं असतं, जुनं झालं होतं, गेलं. रोज साडेसहाला त्या गुरुवारची आठवण काढणारं जगात काही उरलं नसतं. मला ते हवं होतं, याची मला आजही लाज वाटते.

मी पेनड्राइव्ह उपटला आणि लिनक्स सुरू केलं. बरोब्बर साडेसहाला दुकानात अभय बोलला. "आई, निघालो गं. भात टाक." अगदी तोच, थोडा घाईतला, मागे ऑफिसातल्या पंख्याची घरघर. मी खुर्ची मागे ढकलून उभाच राहिलो.

मग त्याचा प्रोग्राम वाचला. आवाजाच्या फाइली दोन होत्या. पहिलीचं नाव निघालो, दुसरीचं पोचलो. पहिली घड्याळावर वाजायची. दुसरी वाजायला त्याचा फोन लागायचा. फोनचं ब्लूटूथ दाराशी आलं की मशीनने ते ओळखायचं आणि आईला सांगायचं. चौदा वर्षं ते मशीन रोज संध्याकाळी अभयचा फोन शोधत होतं. आणि फोन माझ्या दुकानाच्या खालच्या खणात पडून होता.

एक ओळ बदलली असती तर पोचलोसुद्धा घड्याळावर वाजलं असतं. फोन दाखवायची गरजच नव्हती. काकूंचा मुलगा रोज पोचला असता आणि मी सहीसलामत सुटलो असतो. मी ती ओळ बदलून ठेवली. मग तो बदल पुसला. एकदा त्याला खोटं सांगून घरच्या वाटेवरून वळवलं होतं, आता घरीही खोटाच पोचवू? स्वतःचा इतका संताप आला की टेबलावर मूठ आपटली.

नोकियाच्या त्या फोनला बॅटरी अजून मिळते. नवी घातली, चार्ज केला. फोनच्या पाठीवर काकूंनी चिकटवलेला पालीच्या खंडोबाचा स्टिकर तसाच होता. माझा मेसेजही तसाच होता. मी तो पुसला नाही.

शुक्रवारी दुपारी मशीन त्यांच्या घरी लावून दिलं. काकू म्हणाल्या, "सांजच्याला जेवायलाच ये. भात टाकते." येतो म्हणालो. साडेसहाला सोसायटीच्या कट्ट्यावर बसलो होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून आवाज आला आणि पाठोपाठ कुकरचं झाकण वाजलं. सव्वासातला मी जिना चढलो. दाराशी उभं राहून अभयच्या फोनचं ब्लूटूथ चालू केलं.

काही क्षण काहीच झालं नाही. मग आतून अभय म्हणाला, "आई, पोचलो. दार उघड."

भांडं पडलं. पावलं धावत आली. दार उघडलं. काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या मागे, जिन्याकडे पाहिलं, किती तरी वेळ. मग त्यांची नजर माझ्या हातावर आली आणि खंडोबावर थांबली.

"काकू, त्या दिवशी मीच त्याला बोलावलं होतं. खोटं सांगून. त्याचा फोन तेव्हापासून माझ्याकडे आहे."

दोन्ही हात पुढे करून त्यांनी फोन घेतला, तान्हं मूल घ्यावं तसा, आणि दार लावलं.

आतून त्यांचा आवाज आला. "हातपाय धू बाबा. वाढते."

मी तिथेच उभा होतो. एक ताट मांडल्याचा आवाज आला, मग दुसरं. मला जेवायला बोलावलं होतं, म्हणून मी तिसऱ्या ताटाची वाट पाहिली. मग जिना उतरलो.