भिंतीकडे फिरवलेला आरसा

“पुन्हा म्हण, लतिका. ‘होल्ड द लाइन.’”

लतिकाने म्हटले. कमलाकांत मास्तरांचे ताल धरणारे बोट टेबलावरच थांबले. ‘होल्ड’ म्हणताना मुलीचे ओठ गोल न होता उजवीकडे ओढले जात होते.

“असं तोंड वाकडं का करतेस?”

“तुम्हीच तसं करता ना, सर,” ती म्हणाली, आणि तिने जीभ चावली.

खाली गिरगावच्या रस्त्यावरून मराठी राज्य मागणाऱ्या समितीचा मोर्चा चालला होता. मास्तरांनी उठून खिडकी लावली.

टेलिफोन खात्याच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलींना ते बारा वर्षे उच्चार शिकवत होते. पद्धत ठरलेली होती. संयुक्त स्वर म्हणजे एका श्वासातला प्रवास. जीभ एका स्वरावरून निघते आणि न थांबता दुसऱ्याकडे सरकते. ‘नो’, ‘बोट’, ‘थ्रो’ या इंग्रजी शब्दांची स्पेलिंगे निरनिराळी, शेवटचा ओठांचा गोल मात्र एकच. मुलीने आधी मास्तरांचे तोंड पाहायचे, मग खिळ्यावरच्या आरशात स्वतःचे. गेल्या माघात अर्धांगाच्या झटक्याने चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, तेव्हा त्यांनी आरसा भिंतीकडे फिरवला. लतिका त्यानंतर आलेली. तिने फक्त त्यांचेच तोंड पाहिले, आणि इमानाने गिरवले.

परीक्षा उद्या अकराला होती. वडिलांना गिरणीतून कमी केल्यापासून घराची सारी भिस्त तिच्यावर होती.

“राहू दे, सर. आता आपलंच राज्य होणार म्हणतात. इंग्रजी कोण विचारतंय!”

“राज्य होईल तेव्हा होईल. तुझी परीक्षा उद्या आहे गं,” स्वयंपाकघरातून मास्तरांच्या पत्नी सुमतीबाई म्हणाल्या.

मास्तर स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले.

“अगं, जरा बाहेर ये. ‘नो’ म्हण.”

“इश्श! मी? मराठी चौथी शिकलेली बाई?”

“बारा वर्षं ऐकते आहेस. म्हण.”

सुमतीबाईंनी पदराला हात पुसले आणि म्हटले. जबडा किंचित उघडला, ओठ अलगद पुढे येऊन गोल झाले. मास्तरांचे जुने तोंड जणू तिथे येऊन बसले होते.

मास्तरांनी आरसा सुलट केला. त्यात तिघांचे चेहरे उमटले. आपला त्यांनी क्षणभर पाहिला आणि ते बाजूला सरकले. पत्नीला त्यांनी आपल्या खुर्चीवर बसवले. स्वतः मुलींच्या बाकावर बसले.

“माझ्याकडे बघू नकोस, लतिका. हिच्याकडे बघ.”

दोघी म्हणू लागल्या. मास्तर डोळे मिटून ऐकत राहिले. दर ‘नो’ला त्यांचा तळहात डावा गाल खालून हलकेच उचलून धरत होता.