हळदीवरचा रंग

मी गव्हाणच्या शैलेशशेठच्या बंगल्यामागची लाकडी माची बोलतेय. शेठ मला डेक म्हणतो. म्हणू दे. बोलायची हौस नाही मला, अंग ठणकतंय. पण यंदा माझ्याविषयी सगळे बोलले, मीच तेवढी राहिले होते.

पनवेलच्या वखारीतून मी आले, अस्सल सागाची. खालचा लोखंडी सांगाडा कळंबोलीचा. मला जोडली आनंदा सुताराने. दर दोन फळ्यांमध्ये त्याने काडीपेटीतली काडी जाईल एवढी फट सोडली. शेठची बायको किशोरी म्हणाली, "नीट जुळव ना रे. कानातलं पडलं तर?"

"वहिनी, कानातलं काढता येईल. पाणी अडकलं तर फळी काढावी लागेल."

मला तो माणूस आवडला. काम चांगलं करून गेला, म्हणून कितीतरी वर्षं त्याला कुणी बोलावलं नाही.

माझी देखभाल केली ती कमळाबाईने. या घरी धुणीभांडी करते. कोळीण आहे. नवऱ्याची होडी होती. खाडीत भराव पडला, तशी होडी विकली. पण होडी राखायची सवय हातात राहिली, ती माझ्या वाट्याला आली. दिवाळीनंतर मी चार उन्हं खाल्ली की ती माझ्यावर तांब्याभर पाणी ओतायची. पाण्याचे थेंब वर उभे राहिले, तर "तेल हाय अजून" म्हणून निघून जायची. पाणी आत जिरलं, की होडीला लावतात ते बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल आणायचं, फडक्याने पातळ चोळायचं, आणि जास्तीचं पुसून घ्यायचं. पुसण्यात तिचा अर्धा दिवस जायचा. तेलाचं फडकं कधी बोळा करून टाकलं नाही, पेट घेतं म्हणून दोरीवर पसरायची. एवढंच. यापेक्षा जास्त मला कधी लागलं नाही.

बाकीच्यांचं काय सांगू. कुंड्या ठेवतात, खाली ओली वर्तुळं पडतात, ती कुणी बघत नाही. खुर्ची उचलायचे कष्ट नकोत म्हणून फरफटवतात. माझ्यावर उभे राहून खाडीचे फोटो काढतात आणि पाठ वळली की खाडीला वास येतो म्हणतात.

वैशाखात शेठच्या प्रांजलचं लग्न निघालं. हळद माझ्यावरच, मंडपही माझ्यातच खिळे ठोकून उभारला. धवलारीण गायली, बँड वाजला, दोनशे माणसं नाचली. तेलात कालवलेली हळद माझ्यात मुरली. मी काही बोलले नाही, लेकीचं कार्य होतं. सकाळी मी पिवळीधमक.

किशोरीने कपाळाला हात लावला. "कावीळ झाल्यागत दिसतंय. पाचव्या दिवशी लेक-जावई परतवणीला येणार, व्याही येणार. हे दाखवायचं त्यांना?"

कमळाबाई म्हणाली, "हळद उन्हाने जाते, वहिनी. साडीवरची जाते, हिची नाय जानार? पंधरा दिस तिच्याकडं बघू नका."

पंधरा दिवस कुणाकडे होते? शेठने कल्पेश पेंटरला बोलावलं. आधी मला बाथरूमच्या अॅसिडने घासली, मग पाइप सोडून तासभर धुतली. दुसऱ्या दिवशी दुपारी कल्पेश डबे घेऊन हजर. कमळाबाईने माझ्यावर तळवा ठेवला.

"वली हाय ही."

"मावशी, सुकलीय. बघ ना वरून."

"वरून भाकरी पन भाजलेली दिसते. आत पानी कोंडंल."

शेठ म्हणाला, "मावशे, तू भांडी बघ. त्याचं काम त्याला करू दे."

ती गेली. काळपट रंग चढला, त्यावर चकचकीत वार्निशचे तीन जाड हात. आनंदाने सोडलेल्या सगळ्या फटी बुजल्या. ओल्या टॉवेलने कुणी नाकतोंड आवळावं तसं झालं मला. परतवणीला व्याही म्हणाले, "वा, एकदम रिसॉर्ट." किशोरी किती खूश झाली. त्या एका शब्दासाठी माझा जीव कोंडला.

पावसाळाभर पाणी मंडपाच्या खिळ्यांच्या भोकांतून आत शिरत राहिलं. बाहेर जायला वाट नव्हती. आधी पांढरे चट्टे पडले. मग वार्निशचे पापुद्रे सुटले. भिंतीकडच्या फळ्या आतून भुसभुशीत झाल्या, वरून मात्र चकाकत होत्या. गौरीच्या दिवशी कमळाबाई पाण्याची बादली घेऊन आली आणि माझी फळी खचली. तिचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. घोट्याचं हाड मोडलं. इतकी वर्षं जिने मला चोळलं, पुसलं, तिचाच पाय मी मोडला. तेव्हाच मला उपटली असती, तरी मी ब्र काढला नसता.

शेठने स्वतः उचलून तिला दवाखान्यात नेलं. परत आला तो ठरवूनच. "दसरा झाला की टाइल्स बसवायच्या. घरचं माणूस पडलं. लाकडाचं लचांडच नको मला."

दसऱ्यानंतर कमळाबाई काठी टेकत आली. टाइल्सवाला दुसऱ्या दिवशी येणार होता.

"माझ्या पायाचा राग हिच्यावर काढू नको, शैलेश. ही कुजली नाय, हिला कुजवली."

"मावशे, पाय तुझा मोडलाय."

"म्हनून तर बोलते. दुसऱ्याचा मोडला असता तर गप बसले असते."

तिने काठीने एकेक फळी ठोकायला घेतली. कुजलेली भद्द वाजायची, धड असलेली टणक. भद्द वाजली की किशोरी खडूने फुली मारायची. शेठ आधी हाताची घडी घालून उभा होता, मग बाजूला उकिडवा बसून कान देऊ लागला. बत्तीस फळ्यांत अकरा फुल्या, सगळ्या भिंतीकडच्या.

"एकवीस चांगल्या हायत. त्या पन फेक. तुझं घर हाय."

शेठ उठला. त्याने आनंदाला फोन लावला.

टाइल्सवाला आला, पण अकरा फळ्यांपुरताच. आनंदाने कुजलेल्या काढल्या आणि बुजलेल्या फटी पात्याने मोकळ्या केल्या. वार्निश खरवडायला शेठ आणि किशोरी बसले. कमळाबाई खुर्चीत. "रेषेने घास, आडवा नको."

"मावशे, कंबर गेली माझी."

"जाऊ दे. माझा पाय गेला."

मग आठवडाभर कडक ऊन खाल्लं. रोज सकाळी कमळाबाई तळवा ठेवायची आणि "अजून वली" म्हणून मान हलवायची. आज तिने मान हलवली नाही. तेल लागलं. शेठनेच लावलं आणि तिने सांगितलं तसं पुसलंही. हळद अजून थोडी दिसते. राहू दे.

पूर्वीपेक्षा मी कमी उरलेय, आणि फार थकलेय. किती पावसाळे काढेन, ठाऊक नाही. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर चमकवायच्या आधी सुकू द्या तिला. पाहुणे थांबतील. माझं म्हणाल तर आत्ता तेल पितेय. दोन दिवस माझ्यावर कुणी पाय ठेवू नका.